दहापैकी नऊ म्हणजे नेमकं काय? अमेरिकी उपनगरातली प्राथमिक शाळा पारखताना

रविवारी मराठी शाळा सुटली की व्हरांड्यात पालकांची एकच गर्दी होते. कुणाची वही वर्गात राहिलेली असते, कुणाचं जॅकेट सापडत नसतं. दरवर्षी थंडीच्या दिवसांत, केजीच्या नावनोंदणीचे वेध लागले की, त्या गडबडीत कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, “ताई, दोन घरं बघून ठेवलीत. एका घराची शाळा दहापैकी नऊ आहे, दुसऱ्याची सहा. नऊवालं घर लाखभर डॉलरनं महाग पडतंय. ओढाताण करून घ्यावं का?”

हा प्रश्न मी दहा वर्षं ऐकते आहे, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरची काळजी दर वेळी खरी असते. आपल्याकडे शाळा निवडायची म्हणजे माध्यम कुठलं, बोर्ड कुठलं, फी किती, असे प्रश्न असायचे. इथे सरकारी शाळेला फी नाही, शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि तिच्यावर एक आकडा चिकटवलेला असतो. त्या आकड्यात काय मावतं आणि काय मावत नाही, हे उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं घेते, कारण ते मला ओळखीचं आहे आणि आपली माणसं तिथे भरपूर आहेत. इतर राज्यांत नावं बदलतात, पण गणित बहुतेक हेच असतं.

फ्रीमाँट हे एक गाव नव्हतंच. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावं १९५६ साली एकत्र येऊन ते शहर झालं. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ३० हजारांच्या घरात भरली. सगळ्या शहराचं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, मात्र एकच, आणि त्याच्या तीसच्या आसपास प्राथमिक शाळा. प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखलेली. रस्त्याच्या या बाजूचं मूल एका शाळेत आणि समोरच्या घरातलं दुसऱ्या शाळेत, असं सर्रास होतं.

आता जरा थांबून विचार करा. डिस्ट्रिक्ट एकच, म्हणजे स्कूल बोर्ड एकच. शिक्षकांची पगारश्रेणी एकच, सुट्ट्यांचं कॅलेंडर एकच, गणिताची आणि वाचनाची पुस्तकं बहुतेक तीच. वर्गातल्या मुलांच्या संख्येचे नियमही तेच. राज्याच्या निधीच्या अटींप्रमाणे तिसरीपर्यंतच्या वर्गात सरासरी चोवीस मुलं असावीत असं धरतात. मग पाच मैलांवरच्या दोन शाळांपैकी एकीला नऊ आणि दुसरीला सहा कुठून येतात?

आकडा येतो कुठून

घर शोधताना झिलो या घरांच्या वेबसाइटवर शाळेच्या नावापुढे जो आकडा दिसतो, तो ग्रेटस्कूल्स या संस्थेचा. १९९८ साली सुरू झालेली ही ना-नफा संस्था राज्य सरकारांनी जाहीर केलेली माहिती घेते, राज्यातल्या इतर शाळांशी तुलना करते आणि एक ते दहामधला गुण देते. प्राथमिक शाळेच्या बाबतीत त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: परीक्षेचे निकाल, मुलांची प्रगती, आणि गरीब किंवा मागे राहिलेल्या गटांतली मुलं कशी करतात ते. निकालांचा वाटा पूर्वी फारच जड होता. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद्धत बदलून प्रगतीला आणि समानतेला जास्त वजन दिलं गेलं. नऊची शाळा अचानक सातची झाली, अशी तक्रार त्या सुमारास बरेच जण करत होते. शाळा होती तशीच होती, मोजपट्टी बदलली होती.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ती दर वसंतात होणारी स्टेट टेस्ट. कॅलिफोर्नियात ती तिसरीपासून आठवीपर्यंत आणि नंतर अकरावीत होते, इंग्रजी आणि गणिताची, संगणकावर. निकालाच्या चार पायऱ्या: अपेक्षेपेक्षा वर, अपेक्षेइतकं, अपेक्षेच्या जवळ, आणि अपेक्षेखाली. वरच्या दोन पायऱ्यांवर किती टक्के मुलं आहेत, हाच तो सगळीकडे उद्धृत होणारा आकडा. २०२४ साली पूर्ण राज्यात इंग्रजीत ४७ टक्के आणि गणितात सुमारे ३५ टक्के मुलं तिथे पोचली. मिशन सॅन होजे भागातल्या काही प्राथमिक शाळांत हेच प्रमाण नव्वदीच्या आसपास असतं. फ्रीमाँटच्याच इतर भागांतल्या काही शाळा त्याच्या बऱ्याच खाली असतात.

हे ऐकलं की कुणालाही वाटेल, मग प्रश्नच मिटला. नव्वदवाली शाळा चांगली शिकवते.

इथेच सगळी गफलत आहे, म्हणून ही पायरी सावकाश चढूया.

समजा दोन शाळा आहेत, ‘क’ आणि ‘ख’, दोन्हींत शंभर-शंभर मुलं. काही मुलांचे आईवडील दोघेही पदवीधर, घरात पुस्तकं, उशिरापर्यंत बसून अभ्यास घेणारं कुणीतरी. काही मुलांचे आईवडील दोन-दोन नोकऱ्या करणारे, भाड्याच्या एका खोलीत राहणारे. ‘क’ शाळेत पहिल्या गटातली ८० मुलं, दुसऱ्या गटातली २०. पहिल्या गटातली ९० टक्के मुलं उत्तीर्ण होतात, म्हणजे ७२. दुसऱ्या गटातली ४० टक्के, म्हणजे ८. एकूण ८० टक्के.

‘ख’ शाळेत पहिल्या गटातली ४० मुलं, दुसऱ्या गटातली ६०. इथे पहिल्या गटाचे ९५ टक्के उत्तीर्ण होतात, म्हणजे ३८. दुसऱ्याचे ५० टक्के, म्हणजे ३०. एकूण ६८ टक्के.

दोन्ही गटांत ‘ख’ शाळा सरस आहे. तुमचं मूल कुठल्याही गटातलं असो, त्याच्यासारखी मुलं ‘ख’मध्ये जास्त चांगली करताहेत. तरी फलकावर ‘क’ला ८० आणि ‘ख’ला ६८, आणि घराची किंमत ठरते ती फलकावरून. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण असा उलटा प्रकार प्रत्यक्षात सहज घडतो. एकाच डिस्ट्रिक्टमधल्या दोन शाळांच्या एकूण निकालात जो फरक दिसतो, त्यातला मोठा वाटा हद्दीच्या आत कोण राहतं याचा असतो. आत काय शिकवलं जातं याचा वाटा त्याच्या पोटात दडलेला असतो, तो वेगळा काढून पाहावा लागतो.

त्यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट मिळवा. ज्या भागात दर दुसरं मूल शाळेनंतर कुमॉनला किंवा गणिताच्या क्लासला जातं, तिथल्या निकालात क्लासचे पैसेही मोजले जातात. ते श्रेय शाळेच्या नावावर जमा होतं. ज्या शाळेतली मुलं क्लासला जात नाहीत, तिथल्या शिक्षकांनी मिळवलेला प्रत्येक टक्का त्यांचा स्वतःचा असतो. शिक्षकांना हे पक्कं ठाऊक असतं. बाहेर फारसं कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

लाखभर डॉलर कशाचे

हद्दीच्या दोन बाजूंच्या घरांत फरक किती असतो, हे सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञांनी बोस्टनच्या उपनगरांत तपासलं होतं. त्यांचा शोधनिबंध १९९९ सालचा. त्यांची युक्ती साधी पण फार हुशार होती. लांबलांबच्या वस्त्यांची तुलना केली तर बाग, रस्ते, शेजार, सगळंच बदलतं. म्हणून त्यांनी शाळेच्या हद्दीला अगदी चिकटून, अल्याड-पल्याड असलेलीच घरं घेतली. शेजार तोच, कर तोच, डिस्ट्रिक्ट तेच, फरक फक्त शाळेचा. निष्कर्ष असा निघाला की परीक्षेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असले तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजायला तयार होते. १५ लाख डॉलरच्या घराला हा हिशोब लावला तर साडेसदतीस हजार होतात. शेजारपाजारचा फरक न वगळता नुसत्या किमती पाहिल्या असत्या तर शाळेचा भाव याच्या दुपटीच्या आसपास दिसला असता. म्हणजे नऊवाल्या घरासाठी जे लाखभर जास्त मागितले जातात, त्यात शाळेबरोबर मोठं अंगण, शांत रस्ता आणि डोंगराचा देखावाही असतो. ते हवं असेल तर जरूर घ्यावं. फक्त ते सगळं शाळेच्या खात्यावर मांडू नये.

आणि हद्द कायमची नसते. २००० साली फ्रीमाँटमध्ये स्कूल बोर्डानं हद्दी नव्यानं आखल्या आणि वायबेल प्राथमिक शाळेच्या भागातली मुलं मिशन सॅन होजे हायस्कूलऐवजी अर्विंग्टन हायस्कूलकडे वळवली. पालक खवळले, वेगळं डिस्ट्रिक्ट काढायच्या हालचालींपर्यंत प्रकरण गेलं. म्हणून रेषेला टेकलेलं घर केवळ शाळेसाठी घेणाऱ्यांना मी नेहमी सांगते, की रेषा सरकू शकते आणि कर्जाचे हप्ते तीस वर्षं सरकत नाहीत.

मग काय बघायचं

पहिलं म्हणजे एकूण टक्केवारी सोडून आपल्या मुलासारख्या मुलांची टक्केवारी बघायची. राज्याच्या निकालाच्या वेबसाइटवर शाळेचं नाव घातलं की गटवार आकडे मिळतात: कमी उत्पन्नाची कुटुंबं, इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष गरजा असलेली मुलं, वंशनिहाय गट, पालकांचं शिक्षण. शेजारच्या दोन शाळांचे हे तक्ते एकमेकांशेजारी ठेवले की अनेकदा नऊ आणि सहामधली दरी वितळून जाते. कधी वितळत नाही, आणि मग तीही माहितीच असते. माझ्या अनुभवात सगळ्यांत बोलका असतो तो विशेष गरजा असलेल्या मुलांचा आणि इंग्रजी शिकणाऱ्यांचा आकडा, कारण तिथे घरच्या अभ्यासापेक्षा शाळेची मेहनत जास्त दिसते.

हे करताना लहान संख्यांपासून जपायचं. तिसरीत ६० मुलं असतील तर एक मूल म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. सहा मुलांचा निकाल इकडचा तिकडे झाला की शाळा दहा टक्क्यांनी ‘घसरली’ किंवा ‘सुधारली’ असं दिसतं. एखाद्या गटात दहा किंवा त्याहून कमी मुलं असतील तर राज्य तो आकडा दाखवतच नाही, त्या मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून. त्यामुळे एका वर्षाचा निकाल घेऊन बसू नका, तीन वर्षांचे घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: मूल किती उंच आहे यापेक्षा ते वर्षात किती वाढलं हे बघायचं. सरासरी गुण म्हणजे उंची. ती शाळेत येण्याआधीच्या पाच वर्षांत बरीचशी ठरून गेलेली असते. शाळेचं काम वाढ. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शॉन रिअर्डन आणि त्यांचे सहकारी देशभरातल्या शाळांच्या निकालांवरून ही वाढ काढतात. त्यांच्या कामातलं शिकागोचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथल्या सरकारी शाळांतली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती, पण २००९ ते २०१४ या पाच वर्षांत, तिसरी ते आठवी, त्यांनी सहा वर्षांइतकी प्रगती केली. नुसते सरासरी गुण पाहणाऱ्याला हे कधी दिसलंच नसतं. सरासरी गुण आणि वाढीचा वेग यांचा एकमेकांशी संबंध फार क्षीण आहे, हे त्यांच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसतं. त्यांच्या एज्युकेशनल ऑपर्च्युनिटी प्रोजेक्टच्या नकाशावर शाळानिहाय वेगही बघायला मिळतो, फुकट. कॅलिफोर्नियानं वाढ मोजायची स्वतःची पद्धत २०२१ मध्ये मंजूर केली. न्यू जर्सीत शाळेच्या सरकारी अहवालात मुलांची वाढ आधीपासून छापलेली असते, त्यामुळे एडिसन किंवा साउथ ब्रन्सविकच्या पालकांचं काम थोडं सोपं आहे.

पण एक भगदाड या मोजणीतही राहतंच. परीक्षा तिसरीपासून. वाढ काढायला दोन वर्षांचे निकाल लागतात, म्हणजे ती दिसते चौथी-पाचवीत. टीके (केजीच्या आधीचं वर्ष), केजी, पहिली, दुसरी, या चार वर्षांचं काहीही या आकड्यांत थेट उतरत नाही. तुमचं मूल जाणार केजीत, आणि तुम्ही वाचता नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे निकाल. वाचायला शिकणं, जे प्राथमिक शाळेचं सर्वांत मोठं काम, ते नेमकं या न मोजलेल्या काळात घडतं. कॅलिफोर्नियात २०२५–२६ पासून केजी ते दुसरीच्या मुलांची वाचनातल्या अडचणींसाठी दरवर्षी तपासणी करणं सक्तीचं झालं आहे. तिचे निकाल शाळांची क्रमवारी लावण्यासाठी नाहीत. पण शाळेत गेल्यावर विचारण्यासारखा एक नेमका प्रश्न त्यातून मिळतो: तपासणीत एखादं मूल मागे दिसलं, तर पुढच्या सोमवारपासून त्याच्यासाठी काय बदलतं? ज्या प्रिन्सिपल बाईंनी मला या प्रश्नाचं उत्तर कोण शिकवतं, कुठल्या खोलीत, आठवड्यातून किती वेळा, असं तपशिलानं दिलं होतं, त्यांच्या शाळेवर माझा विश्वास तिथेच बसला.

रंगांचा डॅशबोर्ड आणि आपली भारतवारी

२०१७ पासून कॅलिफोर्नियाचा स्वतःचा स्कूल डॅशबोर्ड, म्हणजे शाळांचं सरकारी प्रगतिपुस्तक, आहे. त्याआधी १९९९ ते २०१३ एपीआय नावाचा एकच आकडा असायचा, २०० ते १०००मधला, आणि घरांच्या जाहिरातींत तो ठळक छापलेला असायचा. एका आकड्यात शाळा बसवू नये म्हणून आता लाल ते निळा अशा पाच रंगांचे काटे दाखवतात, प्रत्येक विषयाला वेगळा. रंग ठरतो दोन गोष्टींवर: शाळा आत्ता कुठे आहे, आणि मागच्या वर्षापेक्षा किती हलली. म्हणून उत्तम शाळेचाही रंग एका वर्षाच्या घसरणीनं उतरू शकतो आणि मागे असलेल्या शाळेचा चढू शकतो. रंग बघून थांबू नये, आतला आकडा उघडून बघावा.

त्यातला एक काटा आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे: दीर्घ अनुपस्थिती. शाळेचे दहा टक्के किंवा जास्त दिवस जे मूल गैरहजर राहिलं, ते यात धरलं जातं. १८० दिवसांच्या वर्षात दहा टक्के म्हणजे १८ दिवस. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून आपण तीन आठवडे भारतात राहतो, लग्न असतं, आजी आजारी असते, कारण काहीही असो. तीन आठवडे म्हणजे शाळेचे १५ दिवस. पुढे दोनदा ताप आला की १८ पूर्ण. मूल घरी मजेत वाचत असतं, पण शाळेचा काटा लालकडे सरकतो. तेव्हा आपल्या मुलांची संख्या मोठी असलेल्या शाळेचा हा रंग वाईट दिसला तर लगेच बिचकू नका. मात्र आपणही एक पथ्य पाळायला हवं. कॅलिफोर्नियात शाळांना पैसे मिळतात ते पटावर नव्हे, रोजच्या सरासरी हजेरीवर. जाण्याआधी शाळेत कळवून ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार केला आणि मुलानं नेमून दिलेलं काम पूर्ण केलं, तर ते दिवस हजेरीत धरता येतात. ऑफिसमधल्या बाई त्यासाठी पुरेसे दिवस आधी सांगा म्हणतात, ते उगाच नसतं.

असाच दुसरा कागद नावनोंदणीच्या वेळचा. त्यात घरी कुठली भाषा बोलता, असे चार प्रश्न असतात. तिथे मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, तिला एलपॅक म्हणतात. मूल मागे पडेल, त्याच्यावर शिक्का बसेल, या भीतीनं किती तरी आईवडील तिथे गुपचूप ‘इंग्लिश’ लिहितात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. मूल चाचणीत पार झालं तर पुढे काहीच होत नाही. नाही झालं तर त्याला भाषेची मदत मिळायला हवी, आणि तो त्याचा हक्क आहे. शिवाय २०१३ पासूनच्या राज्याच्या निधीसूत्रात इंग्रजी शिकणाऱ्या, गरीब किंवा फॉस्टर केअरमधल्या (सरकारनं दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेल्या) प्रत्येक मुलामागे डिस्ट्रिक्टला मूळ रकमेवर २० टक्के जास्त मिळतात. आणि आपल्या घरी मराठी बोलतात, हे सरकारी कागदावर खरं खरं लिहिण्यात संकोच कसला? आमच्या रविवारच्या वर्गातल्या एका छोट्या मुलानं तो फॉर्म आईच्या खांद्यावरून वाचला होता. “आई, तू इंग्लिश का लिहिलंस? आपण तर मराठी बोलतो.” तिनं तिथल्या तिथे नवा फॉर्म मागून घेतला.

पैशांचं काय

न्यू जर्सीत घरपट्टीचा मोठा भाग शाळेला जातो, म्हणून श्रीमंत गाव आणि गरीब गाव यांच्या शाळांत पैशांचा फरक पडतो. कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टचं एकूण बजेट राज्याचं सूत्र ठरवतं. एका डिस्ट्रिक्टच्या आत तर सरकारी पैशांचा फरक अनेकदा उलट्या दिशेनं असतो, कारण टायटल वनचा केंद्राचा निधी जास्त गरीब मुलं असलेल्या शाळांना मिळतो. ‘सहा’वाल्या शाळेत वाचनाची जादा शिक्षिका असते आणि ‘नऊ’वाल्या शाळेत नसते, हे मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिशेनं वाहतो तो पीटीएचा, म्हणजे पालक-शिक्षक संघाचा पैसा. सधन भागातले पालक देणग्या देऊन चित्रकला, संगीत, विज्ञानाची प्रयोगशाळा चालवतात. पालो आल्टोसारख्या ठिकाणी या देणग्या एका सामायिक फाउंडेशनकडे जमा होऊन सगळ्या शाळांत वाटल्या जातात. बहुतेक ठिकाणी तसं नाही. हा फरक खरा आहे आणि मुलाला रोज दिसतो, म्हणून विचारून घ्यावा. प्रत्येक शाळेचा सार्क नावाचा वार्षिक अहवाल १ फेब्रुवारीपर्यंत प्रसिद्ध व्हावा लागतो. त्यात शिक्षकांची पात्रता, इमारतीची अवस्था, प्रत्येक मुलामागचा खर्च हे सगळं असतं. वाचायला रूक्ष आहे, पण अर्ध्या तासाचं काम आहे.

एक तास वर्गात

कागद झाले की शाळेत जा. वसंतात बऱ्याच शाळा नव्या पालकांना फिरवून दाखवतात. रंगवलेल्या भिंती आणि नवे टॅबलेट बघून घ्या, पण त्यात अडकू नका.

एकदा मी एका ‘सहा’च्या शाळेत दुसरीच्या वर्गात मागे बसले होते. फळ्यावर ५२ वजा २७. एका मुलानं उत्तर दिलं ३५. बाईंनी ते पुसलं नाही आणि चूकही म्हटलं नाही. शेजारी २५ हेही उत्तर लिहिलं आणि वर्गाला विचारलं, “हे पस्तीस कसं आलं असेल, कुणाला सांगता येईल?” पाच-सहा हात वर. एक मुलगी म्हणाली, त्यानं सातातून दोन वजा केले, कारण दोनातून सात जात नाहीत. हातचा घेतला नाही, हे तिनं तिच्या भाषेत सांगितलं. मग दुसरा म्हणाला, मी वजाबाकी केलीच नाही, २७ पासून मोजत गेलो: तीन मिळवले की तीस, वीस मिळवले की पन्नास, वर दोन, झाले पंचवीस. पस्तीस म्हणणारा मुलगा वहीत स्वतःच्या बेरजा करून बघत होता आणि एकदम म्हणाला, “ओ!” सगळं चार मिनिटांत झालं. त्या मुलाची मान एकदाही खाली गेली नाही. हा प्रसंग कुठल्या वेबसाइटवर कसा मोजणार?

तिथे बसल्यावर मी बघते ती दुसरी गोष्ट म्हणजे वाचनाचा तास. आपण बाराखडी घोकलेली माणसं, आपल्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणं स्वाभाविक वाटतं. केजी-पहिलीत ही सांगड रोज, क्रमानं, सगळ्यांकडून करून घेतात, की मुलाला चित्र बघून शब्द ओळखायला सांगतात? हा फरक पाच मिनिटांत कळतो. मग मधल्या सुट्टीत ग्राउंडवर एकट्या उभ्या असलेल्या मुलाकडे कुणी मोठं माणूस वळतं का, ते. आणि बाहेर पडताना ऑफिसमध्ये दोन साधे प्रश्न: प्रिन्सिपल किती वर्षं इथे आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? दर वर्षी प्रिन्सिपल बदलणाऱ्या शाळेचा कालचा निकाल उद्याबद्दल फारसं काही सांगत नाही. दोन इयत्तांचा मिळून एक ‘कॉम्बो क्लास’ करतात का, आणि शाळेनंतरच्या केअरमध्ये जागा मिळते का की वेटिंग लिस्ट आहे, हेही विचारा. दोघांची नोकरी असलेल्या घरात या शेवटच्या प्रश्नावर रोजची संध्याकाळ अवलंबून असते.

नियमांतली एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पत्ता हद्दीत असला म्हणजे त्या शाळेत जागा मिळतेच असं नाही. वर्ग भरला की उशिरा नाव घालणाऱ्या मुलांना जवळच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. फ्रीमाँटमध्ये याला ‘ओव्हरलोड’ म्हणतात. भाडेकरार, विजेचं बिल, लसीकरणाचा दाखला, जन्मदाखला हे सगळं तयार ठेवून नोंदणी उघडल्याबरोबर अर्ज करणं, एवढंच आपल्या हातात असतं. केजीसाठी मूल १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षांचं हवं, आणि २०२५–२६ पासून त्या तारखेला चार पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला टीकेत प्रवेश आहे.

यंदा व्हरांड्यात ज्यांनी मला नऊ आणि सहाचा प्रश्न विचारला, त्या दोघांनी दोन्ही शाळांचे गटवार तक्ते काढले. त्यांच्या मुलीसारख्या मुलांच्या निकालात तीन वर्षांच्या सरासरीत दोन टक्क्यांचा फरक निघाला. दोन्ही शाळांत ते एकेक सकाळ बसून आले. नऊवाली शाळाही त्यांना आवडली, खोटं कशाला सांगू. पण तिथे गाडीशिवाय जाता येत नाही, आणि त्यांच्याकडे मुलीचे आजोबा नागपूरहून सहा-सहा महिने येऊन राहतात, ते इथे गाडी चालवत नाहीत. सहावाली शाळा नव्या घरापासून पायी आहे. घराचे कागद झाल्यावर आजोबांनी दुसऱ्याच दिवशी घड्याळ लावून रस्ता चालून पाहिला. अकरा मिनिटं, मध्ये एक सिग्नल, आणि कोपऱ्यावर बसायला एक बाक.